ताई आणि चुकलेली नीळ

आलमबागेतल्या आमच्या गल्लीत ज्यांचे केस काळे आहेत, ते एक तर विशीच्या आतले आहेत किंवा माझ्या मोठ्या नणंदेच्या तावडीतून गेलेले आहेत. ताई मूळच्या अकोल्याच्या. सरकारी नोकरीपायी लखनौला आल्या, लग्नाचं राहूनच गेलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहून त्यांनी साऱ्या गल्लीची डोकी हाती घेतली. मेंदी अमीनाबादेतूनच आणायची, आणि तीही दुकानातच तळहातावर भिजवून, हुंगून. तो दुकानदार हात जोडायचा, "दीदी, मुफ़्त ले जाइए, बस सूँघिए मत!" मेंदी चहाच्या पाण्यात लोखंडी कढईत रात्रभर भिजायची आणि त्यापायी आमच्या घरात भाजीला कढई म्हणून मिळायची नाही. नीळ, म्हणजे कपड्यांची नव्हे, झाडाच्या पानांची, मेंदीवर काळा रंग चढवणारी, ती मात्र मेंदी धुतल्यावर, लावायच्या पाव तास आधीच भिजवायची. जास्त भिजली की तिचा रंग मरतो, हे ताईंनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगेन. एकदा ह्यांनी डोक्याला लेप असताना फोन घ्यायला मान वळवली, तर धाकट्या भावाला त्या कडाडल्या, "हलू नको! कान काळा झाला तर मला सांगू नको, हाँ!"

स्वतःचे केस मात्र पांढरेशुभ्र. विचारलं की म्हणायच्या, "अगं, माझ्याकडे कोण बघतंय?"

आणि एक दिवस बघणारा निघाला. ऑफिसातले जुने सहकारी, अमरावतीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले. 'रविवारी चारला येतो, एक विचारायचंय,' असा त्यांचा फोन आला. काय विचारायचंय ते आमच्या मोलकरणीलाही कळलं होतं. रविवारी सकाळी ताई कढई घेऊन माझ्यापुढे बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला जरा लावून देतेस?" मला भरूनच आलं. मी आधी मेंदी लावली, मग नीळ. तीनला केस धुतले, तर डोकं झेंडूसारखं नारंगी! घाबरगुंडीत ताईंनी नीळही आदल्या दिवशीच भिजवून ठेवली होती.

"आत्या, आप तो पूरी ऑरेंज हो गईं!" माझी लेक ओरडली. ताईंनी आरसा पालथा घातला. "फोन कर त्यांना. सांग, तब्येत बरी नाही."

मी ताईंना कधी उलटून बोललेली नव्हते. त्या दिवशी बोलले. "मुळीच करणार नाही! आज परत पाठवलंत, तर तो माणूस पुन्हा विचारायचा नाही."

चारला बेल वाजली. ताईंनीच दार उघडलं. समोर साहेब, बाजारचा कलप लावून आलेले, मिशीखालचा ओठसुद्धा काळाकुट्ट. ताई स्वतःचं डोकं विसरल्या.

"हे काय फासून आलात? बसा इथं." खोबरेल तेल आणि कापूस घेऊन त्या ओठ पुसायला लागल्या.

"मला जरा विचारायचं होतं..."

"ओठ हलवू नका."

ताई पुसत राहिल्या. मग कापसाकडे बघतच म्हणाल्या, "काय विचारायचंय ते ठाऊक आहे मला. हो."

महिन्याभरात बुद्धविहारात लग्न लागलं. आता ताई लखनौतल्याच सरोजिनी नगरला असतात, फोनवर हसतात तेव्हा मला फार बरं वाटतं. माझे केस मीच रंगवते. मानेमागे माझा हात पोहोचत नाही, तेवढे पांढरे राहतात. दुसऱ्या कुणाकडून लावून घ्यायला अजून मन होत नाही.