खाऱ्या पाण्यावर ढकललेली गळती

घिवलीच्या जयवंतीमावशी. आधी हे नाव लिहितो, म्हणजे पुढचं लिहिताना हात थांबला तरी एवढं तरी कागदावर राहील. बोईसरात मला पहिलं घरचं जेवण दिलं ते त्यांनी, पहिलं काम मिळवून दिलं तेही त्यांनीच. बायकोला मी हे हजारदा सांगितलंय. त्याच्या पुढचं — ते तिलाही नाही. तुम्हीच पहिले.

मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि पाइप टाकणाऱ्या एका टोळीबरोबर इकडे आलो. काम संपलं, टोळी गुजरातेत गेली, आणि मी तापानं फणफणत बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर पडून राहिलो. शेजारी मावशी सुकट विकायला बसायच्या. कोण, कुठला, कुणाचा — काही विचारलं नाही. घरी नेलं. सालवडच्या बाजूला एका नव्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर, त्यांनी भाड्यानं जागा घेतली होती. मुलगा कारखान्यात होता, पण जागा घेतली ती खरी नातीसाठी. चंदाला बोईसरच्या शाळेत घालायचं होतं. त्या जागेच्या गॅलरीत मी बरा झालो. मग मावशींनी सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांना जिन्यातच गाठलं.

"आमचाच पोरगा हाय. नळाची कामं याला द्या."

"मराठवाड्याचा ना हा?" साहेब म्हणाले. "पाणी बघितलंयस का रे कधी?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते आत कुठेतरी रुतलं.

आज या कामात मला कुणाची भीती नाही, हे ठणकावून सांगतो. पाणी जिथे दिसतं तिथे ते फुटलेलं नसतं. स्लॅबच्या पोटातून आडवं चालत जातं आणि सोयीच्या जागी उतरतं. लोखंडी पाइपाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळायची, वरून सफेद्याचा लेप लावायचा, बेतानं आवळायचं. मग पाणी सोडून सांधा रात्रभर उघडा ठेवायचा आणि सकाळी त्यावर कागद फिरवायचा. कागद कोरडा राहिला तरच सिमेंट. माझ्या हाताखालची माणसं कुरकुरतात, गिऱ्हाइकं घाई करतात — मी ऐकत नाही. का ऐकत नाही? तेच तर सांगायला बसलोय.

त्या बिल्डिंगीतलं माझं पहिलं काम मावशींच्याच मोरीत निघालं. भिंतीतला पाइप बदलायचा होता. घरातले सगळे नारळी पुनवेला गावी, समुद्रकाठच्या घिवलीला गेले होते. मी एकटाच. कोपऱ्यातला शेवटचा एल्बो आवळताना पाना जरा जास्तच फिरवला. जोर दाखवायचा होता — पण कुणाला? घरात तर कुणीच नव्हतं. 'कट्' असा आवाज झाला. एवढासाच. तुम्ही शेजारी उभे असतात तरी तुम्हाला आला नसता. मला आला.

हार्डवेअरवाला राखीला गावी गेलेला. एक दिवस थांबलो असतो तर काय झालं असतं? साहेबांनी आणखी एकदा चिडवलं असतं. बस्स. मी एल्बोला गेलेल्या चिरेवर सफेदा चोपडला, वरून सिमेंट मारलं, भिंत घोटून गुळगुळीत केली. पाणी सोडून बघितलंच नाही. कशाला बघू? मला माहीतच होतं.

काही महिन्यांनी खालच्या मजल्यावर छत काळवंडलं. खाली साहेबांचंच स्वयंपाकघर. सगळे वर आले, मलाही बोलावलं. मोरीत घमेल्यात मासे धुवायचे राहिले होते. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे बघा. दिवसभर हेच चालतं. खारं पाणी मुरतंय खाली."

"तर काय, आमी दर्याच आनून ठेवलाय वर!" मावशी म्हणाल्या, आणि दोघीतिघी बायका खुदकन हसल्या.

मग साहेब माझ्याकडे वळले. आणि पहिल्यांदाच मला 'तुम्ही' म्हणाले.

"तुम्ही सांगा, नळाचं तुम्ही बघता. खाऱ्या पाण्यानं स्लॅब खराब होतो की नाही?"

मी म्हणालो, "होतो, साहेब."

हे खोटं होतं का? तसं नाही. खारं पाणी सळया खातं, कुणीही सांगेल. पण त्या भिंतीशेजारी, तो 'कट्' कानात असताना — याहून पक्कं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

मावशींचं हसू थांबलं. रागानं नाही. त्या विचारात पडल्या. "नामदेव बोलतो म्हंजे तसंच असंल," त्या म्हणाल्या. "त्याला त्यातलं कळतं."

त्या दिवसापासून त्या मासे धुवायला खाली आवारातल्या नळावर जायला लागल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, जिना उतरून. गळती थांबली का? कशी थांबेल? "आधीचं मुरलेलंय," लोक म्हणाले. मी मान हलवली — हो, तीही हलवली. शेवटी सोसायटीनं घरमालकाला सांगून जागा खाली करवली. मावशी घिवलीला परतल्या. चंदा काही दिवस एसटीनं शाळेत येत होती, मग बंद झाली. सहावीत. माझ्याहून एक इयत्ता कमी.

जागा रिकामी म्हणून तिथला पाण्याचा कॉक बंद केला आणि साहेबांचं छत सुकलं. "बघा, मासेवाले गेले, गळती गेली." नवे भाडेकरू यायच्या आत मी भिंत फोडून तो तुकडा बदलला. कुणी विचारलंही नाही. उलट साहेबांनी माझं नाव शेजारच्या बिल्डिंगीत सांगितलं, तिथून पुढच्या. माझा धंदा असा उभा राहिला.

मावशी अजून बाजारात बसतात. मी दिसलो की विचारतात, "जेवलास का रं?" आणि मूठभर सुके सोडे कागदात बांधून देतात. मी घेतो. नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल.

परका मुलूख होता, वय कमी होतं, काम जाण्याची भीती होती — यातलं काहीही माझं तोंड दाबून उभं नव्हतं. प्रश्न सरळ होता आणि उत्तर मला येत होतं.

मावशी, तुमची जागा परत देता येणार नाही, चंदाची शाळाही नाही. पण साहेब तिथेच राहतात, शेजारीपाजारीही बरेचसे तेच आहेत, आणि 'मासेवाल्यांमुळे गळत होतं' हे त्या बिल्डिंगीत अजून बोललं जातं. एक दिवस त्या जिन्यात उभा राहून मी सगळ्यांना सांगेन, मावशी, आणि तुम्हाला तर त्याच्या आधी. तो ठपका तुमच्यावरून काढून माझ्यावर घेईन. तेवढं तरी तुमचं परत करीन.