भाताच्या डोंगरातले राजे

एका परक्या गावावर आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या कतारमध्ये सापडणार नाही. काका नाशिकचे. पूर्वी तुर्कस्तानातल्या अमास्या नावाच्या प्राचीन गावी पुलाच्या कामावर होते, आणि तिथून ते पुरते परत आलेच नाहीत. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या त्यांच्या घरी जेवायला जाणं म्हणजे अमास्याला जाऊन येणं. ताटातल्या भाताचा ते उभा कडा करत, पायथ्याशी आमटीची नदी सोडत, काठावर पापडाचे तुकडे टेकवत. ती नदीवर झुकलेली लाकडी घरं! मग कड्यात बोटानं भोकं पाडत. "ही राजांची थडगी. दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेली." आमच्या पोटात कावळे ओरडत. "काका, भात गार झाला," म्हटलं की डाफरत, "थांब रे, अजून एक राजा पुरायचाय!" फळवाल्यालाही ते हिंदीतून अमास्याच्या सफरचंदांवर व्याख्यान देत. बिचारा "खलास साब, यल्ला", झालं, निघा आता, म्हणत पिशवी हातात कोंबायचा.

"राजे पुरे झाले. कोरणारे कोण होते?" मी एकदा तडकून विचारलं.

"कोरणाऱ्यांपैकी एकाचीच गोष्ट उरलीय," काका म्हणाले. डोंगर फोडून गावात पाणी आण, मुलगी देतो, असं राजानं एका पाथरवटाला सांगितलं. त्यानं डोंगर फोडला. कातळातला तो पाट आजही दाखवतात. पाणी पोचणार, तोच राजानं धाडलेल्या म्हातारीनं त्याला सांगितलं, मुलगी मेली. त्यानं हातोडा वर भिरकावला, खाली डोकं धरलं आणि तिथंच संपला. "राजा स्वतः जात नाही रे. खोटं सांगायला म्हातारी धाडतो."

विश्वचषकाची तयारी ऐन भरात होती. स्टेडियमं वर चढत होती, आणि ती चढवणारे बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत, खोल्यांत एकावर एक झोपत होते. उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद ठेवायचा नियम होता. नियम भिंतीवर होता. त्या जुलैत काका कामाला होते त्या स्टेडियमच्या साइटवर परभणीकडचा सळया बांधणारा माणूस भर दुपारी कोसळला आणि गेला.

संध्याकाळी काका आमच्याकडे येऊन बसले. "मॅनेजर म्हणतो, त्याच्या घरी मराठीच कळतं, फोन तुम्ही करा. खोलीवर झोपेत गेला म्हणा." मग खाली बघत म्हणाले, "मला म्हातारी नेमलंय रे."

"काका, नोकरी जाईल," माझा रूममेट म्हणाला. "पोरीचं कॉलेज चालू आहे तुमच्या."

"माहितेय." त्यांनी आमच्यासमोरच, स्पीकरवर, त्याच्या बायकोला फोन लावला. "ताई, तुमचे मालक कामावर असतानाच गेले. उन्हात. कोणी झोपेत म्हणालं तर मानू नका. मी तिथंच होतो."

पलीकडून तिनं विचारलं, "त्यायला पाणी तरी पाजलं का हो कुणी?"

"पाजलं," काका म्हणाले. "उशिरा पाजलं."

आठवड्याच्या आत त्यांना घरी धाडलं. जाण्याआधी आम्हाला जेवायला बोलावलं. भात वाढला, पण त्याला हातही लावला नाही. शेवटी त्यांच्या ताटात मीच कडा उभा केला, वेडावाकडा. काकांनी तो बराच वेळ पाहिला. राजे पुरले नाहीत. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बोटानं एक बारीक पाट ओढला आणि वरून हळूहळू आमटी सोडली.

"पोचलं बघ," म्हणाले.

भात पार गार झाला होता. त्या दिवशी कोणी कुरकुरलं नाही.