खलनायकांच्या पार्टीतले शेजारी

आखातातल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतले समोरचे शेजारी वसईचे. हॉटेलच्या रिसेप्शनवर आठवडाभर इतकं अदबीनं वागतात, की आमच्या लिफ्टमध्येही 'आफ्टर यू, सर' करत स्वतः बाहेरच राहतात. पण रविवारी दुपारी टीव्हीवर जपानची ती नाटकी कुस्ती लागली, की हा सज्जन काळा टीशर्ट चढवून तिच्यातल्या खलनायकांच्या टोळीत सामील! रेफ्रीच्या डोळ्यांत पावडर, पैलवानाच्या पाठीत खुर्ची. टोळी जितकी नीच, तितके हे खूश. "यल्ला हबीबी, खलास कर त्याला!"

त्या टीव्हीसमोरच्या सोफ्यावर जागा मिळावी म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो होतो. अट एकच, चांगल्या माणसाची बाजू घ्यायची नाही. आणि मी काय केलं? टोळीवाला मागून खुर्ची उगारून आला, तसा उठून किंचाळलो, "अरे, मागे बघ!"

त्यांनी टीव्ही थांबवला. "साहेब, तुम्ही कोणाच्या पार्टीत?"

"अहो, तो बिचारा पाठमोरा होता..."

"पप्पा, ही इज अ गुड गाय," त्यांची धाकटी मुलगी नाक मुरडून म्हणाली. "थ्रो हिम आउट!"

संपलं. मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात त्यांनी हसून हात पुढे केला. काय मोठ्या मनाचा माणूस! मी विरघळून हात दिला, आणि त्यांनी मला खेचून गालिच्यावर आडवं केलं. दोन्ही मुली उशा घेऊन माझ्यावर तुटून पडल्या. ते रेफ्रीसारखी गालिच्यावर थाप मारत गरजले, "वन! टू!"

थ्री म्हणजे हार. त्याआधी सुटता आलं असतं. मी प्रयत्नसुद्धा केला नाही.