हंगामात मशीन बंद करत नाहीत म्हणे!

मंडळी, आज पाचोऱ्याला एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात जाऊन आलो आणि अजून डोकं ठणकतंय.

तिथल्या सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच, भोक होतं. त्यातून कुणीही साधा लॉगिनवाला थेट अ‍ॅडमिन होऊ शकतो. तिथले कॉम्प्युटर मीच सांभाळतो; दुरुस्तीचा पॅच दोन महिन्यांपूर्वीच घरून टाकला होता. "रीस्टार्ट केल्याशिवाय तो लागू होत नाही, तेवढं एकदा करा," इतकंच बजावलं होतं.

केलं नाही! उलट दसऱ्याचा वाळका झेंडूचा हार अजून सर्व्हरवर लटकतोय.

मालक नाना सत्तर सालापासून जिनिंग चालवतात. सगळ्या ऑफिसावरून हात फिरवत म्हणाले, "बठ्ठं चाली ऱ्हायनं ना? मंग बंद कसाले करानं? हंगाममा मशीन बंद करतस का कोनी?"

मी अ‍ॅडमिनची यादी उघडली. त्यात एक अनोळखी नाव, तीन आठवड्यांपासून ठाण मांडून बसलेलं. नाना वाकून बघत म्हणाले, "हाऊ कोन शे?"

शिसारी आली. त्यांची, आणि दोन महिने एक फोनही न करणाऱ्या माझीसुद्धा.

खरं सांगा, तुमच्या ऑफिसात नवं कुलूप दाराला लावलंय, की खोक्यातच ठेवून खोक्याला हार घातलाय?