गुळगुळीत निरोप

मेहुण्याने भिंतभर टीव्ही घेतला आणि रविवारी दुपारी मुद्दाम आम्हाला सिनेमा बघायला बोलावलं. मी माझ्या मामांना सोबत नेलं. मामांनी तालुक्याच्या टॉकीजमध्ये आयुष्यभर प्रोजेक्टर चालवला होता.

जुना कृष्णधवल सिनेमा लागला. बोटीने परदेशी निघालेल्या नवऱ्याला बायको धक्क्यावरून हात हलवत होती. पण तिचा हात असा सुळकन वर गेला, की ती लग्नाच्या व्हिडिओतली करवलीच वाटली.

"बघा दाजी, कसं लोण्यासारखं चालतंय!" मेहुणा म्हणाला.

मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "ही रडत नाहीये रे. रडण्याचं शूटिंग चाललंय."

ही त्या टीव्हीची करामत. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो. हा दीडशहाणा डबा त्यांच्या मधे कुणीच न टिपलेली चित्रं स्वतःच्या मनाने घुसडतो. त्या नटीने जे केलंच नाही, ते तिच्याकडून करवून घेतो. दुसऱ्याच्या दुःखाला इस्त्री फिरवायची ही कसली हौस! आणि ही सोय कुणी मागितलेलीही नसते. टीव्ही खोक्यातून बाहेर येतो तोच ती चालू करून.

न राहवून मी रिमोट घेतला, सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. आता तिचा हात जडपणे उचलला गेला. मामांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बिघडवलंत ना! अडखळतंय आता," मेहुणा म्हणाला.

"अडखळणारच," मामा म्हणाले. "नवरा चाललाय तिचा."