रकान्यातलं ‘नाही’

बेडशाजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात आबा आणि मावशी हे नवरा-बायको रक्तदाब तपासायला बरोबरच यायचे. डॉक्टर म्हणून मी दर खेपेला आबांना दारूवरून फैलावर घ्यायचो. त्यांनी ती सोडली आणि प्रेशर उतरलं. मावशींचं मात्र हटेना. गोळ्या वाढवल्या, लोणचं-पापड बंद केलं. शेवटी माझं डोकंच फिरलं.

“मावशी, गोळ्या फेकून देता का?”

“न्हाई वो, रोज घेते. कंबर लय धरती, म्हून सांजच्याला जरा दारू बी घेते.”

“मग हे आधी सांगायचं नाही?”

“तुमी दर बारीला ह्यांनाच इचारलं. मला कुटं इचारलं?”

रागारागाने मी त्यांचा केसपेपर उघडला. दारूच्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘नाही’ लिहिलं होतं. अक्षर माझंच होतं.