तळहातावरचे सात रंग

नातवंडांसमोर मी शहाणी आजी म्हणून मिरवते. विमा कचेरीत असताना मी काय नग होते, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नाही. तेव्हा पन्नाशीला टेकले होते, म्हणजे आताच्या मानानं पोरच. नांदेडच्या कचेरीत दाव्यांची तपासणी माझ्याकडं होती. डोळ्याला काळा चष्मा, खांद्याला ही एवढी पर्स आणि पर्समध्ये तांबडी पेन्सिल. लोकांच्या अर्जातलं खोटं त्या पेन्सिलीनं पकडायचं, हा माझा लाडका खेळ.

एकदा लातूरचं प्रकरण आलं. तिथं एका तेलगिरणीची टाकी फुटली होती. बॉयलरचं काळं तेल साठवायची, जमिनीखालची. तेल गेलं थेट शेजारच्या विहिरीत. विहीर एका लिंगायत दुकानदाराची, पण पाणी भरायची अख्खी गल्ली. लातुरात नळ कधी येईल याचा भरवसा नाही. तिथं अशी विहीर गेली म्हणजे काय झालं असेल ते ओळखा. ती उपसायची, गाळ काढायचा, भोवतीची तेलकट माती उचलायची, एवढं गिरणीला झेपणारं नव्हतं. गिरणीचा विमा होता. मात्र प्रदूषण अचानक, अपघातानं झालेलं असेल तरच भरपाई मिळणार होती. महिनोन्महिने झिरपत आलेलं असेल तर विमा कंपनी हात वर करणार आणि विहीर तशीच राहणार.

गिरणीमालक म्हणत होता, रविवारी संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली आणि सकाळपर्यंत तिचा सांधा उघडला. आता मालक स्वतःच्या सोयीचं बोलणारच. माझ्याकडं विहीरवाल्याच्या तक्रारीची नक्कल होती, त्यात लिहिलं होतं, ‘सदर गिरणी वर्षानुवर्षे आमच्या विहिरीत तेल सोडत आहे.’ वर्षानुवर्षे! मी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली. लातूरला निघालेली बस अहमदपूरला पोचेपर्यंत नकाराचं पत्र मनात लिहूनसुद्धा झालं होतं.

दुकानदाराच्या दारात उभं राहून मी तो कागद त्याच्या नाकासमोर धरला.

“हे तुम्हीच लिहिलंय?”

“हाव मॅडम.”

“म्हणजे वर्षानुवर्षं तेल येत होतं आणि तुम्ही ते पीत होता?”

“तसं न्हाई हो. तक्रार हाय, जरा जोर लावूनच लिहावं लागतंय. साधं लिहिलं तर कोन बघतंय?”

“मग खरं काय? पहिल्यांदा तेल कधी दिसलं?”

तो घुटमळला, मान खाजवली. “दिवस काही ध्यानात न्हाई,” म्हणाला. सरळ सरळ खोटं बोलत होता. मला तर आतून गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात घरातून आवाज आला, “कोन हाय रे? बाईला पानी दे, चहा टाकाय सांग.”

“नको,” मी बाहेरूनच म्हणाले. “आम्हाला दाव्यातल्या पार्टीच्या घरचं काही चालत नाही.” असा नियम कुठंच नव्हता, तो माझा मीच केला होता. जणू घोटभर पाण्यानं मी विकली जाणार होते!

बाहेर आली ती त्याची आई. कपाळभर विभूती आणि गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. “पानी बी न्हाई? टँकरचं हाय बाई, विहिरीचं न्हाई, पोट न्हाई बिघडायचं.” मग लेकाकडं वळली. “हिला सोमवारचं सांगितलं का न्हाई?”

“आई, राहू दे की.”

“का राहू दे? लाज तुला वाटतीया, मला न्हाई.”

लिंगायतांत रोज सकाळी पूजेला इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि त्याला पाणी घालतात. आमचे देव देव्हाऱ्यात, लांब. त्यांचा डोळ्यांपासून वीतभरावर. लग्न होऊन आल्यापासून या मावशींची पूजा त्याच विहिरीच्या ताज्या पाण्यानं चाललेली. श्रावणातल्या त्या सोमवारी त्यांनी पाणी घातलं, आणि तळहातावर रंग फिरायला लागले.

“निळा, जांभळा, पिवळा, लिंगाभोवती गोल गोल! मी म्हटलं, देव पावला. गल्लीतल्या समद्या बाया बोलावल्या. कुनी नारळ आनला, कुनी साखर वाटली. मंग मी तीर्थ घेतलं...” मावशींनी पदर तोंडाला लावला आणि गदगदा हसायला लागल्या. “आन् ते रॉकेलवानी लागलं की गं!”

लेक जमिनीकडं बघत होता. आईच्या चमत्काराची गल्लीनं आधीच भरपूर मजा केली होती. तीच गोष्ट सरकारदरबारी जाऊ नये म्हणून त्यानं ‘वर्षानुवर्षे’ लिहून वेळ मारून नेली होती.

“आणि रविवारी?” मी विचारलं. कधी पायरीवर टेकले ते माझं मलाच कळलं नाही.

“रविवारी आरशावानी पानी. रोज हातावर घेते ते, मला दिसनार न्हाई?” मग त्यांच्या लक्षात आलं. “अगं बाई! म्हंजे त्या मेल्याचं खरं निघालं म्हना!”

गिरणीच्या भोंग्यावरून मावशींचं मालकाशी हाडवैर होतं, आणि ते मात्र खरोखर वर्षानुवर्षांचं. त्याच्या फायद्याचं त्या कशाला बोलतील? मी गल्लीत फिरले. नारळवाली भेटली, साखरवाली भेटली. सगळ्यांना तोच सोमवार पाठ.

कचेरीत साहेब म्हणाले, “बाई, चमत्काराचा पंचनामा करून आलात का?” सगळे हसले. मी म्हटलं, “हसा. पण तेल महिनोन्महिने झिरपत असतं तर त्याचा तवंग तळहातावर आधीच दिसला असता. रोज इतक्या जवळून पाणी बघणारं माणूस आपल्या कचेरीत आहे का?” फाइल बरीच फिरली, वर जाऊन खाली आली, आणि शेवटी मंजूर झाली.

विहीर साफ झाली, पाण्याची तपासणी झाली, तेव्हा मावशींनी लेकाकरवी फोन केला, “त्या चष्मेवाल्या बाईला बोलवा.” गेले. काठावर सगळी गल्ली जमली होती. मावशींनी तांब्या भरून घेतला, माझा हात धरला आणि तळहातावर पाणी ओतलं.

“चष्मा काढ. रंग दिसतेत का?”

मी काढला. हाताच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या.

“नाहीत मावशी.”

“मंग पी. पार्टीच्या घरचं हाय, बघ बाई!”

गल्ली खो खो हसली. मी प्यायले, आणि पुन्हा हात पुढं केला.